वकिलाचा एआय मदतनीस: कागद वाचायला ठेवा, दाखले शोधायला नको

आमच्या फर्ममध्ये सध्या एक कायदेविषयक एआय सहायक वापरात आहे. नाव देत नाही, कारण या जातीची जी साधनं मी हाताळली त्यांचे गुणदोष जवळपास सारखेच निघाले. आत तीन कप्पे आहेत. एकात आपले कागद चढवून त्यावर प्रश्न विचारायचे, दुसऱ्यात दाखले, म्हणजे आपल्या मुद्द्याला आधार देणारे जुने न्यायनिर्णय शोधायचे, तिसऱ्यात मसुदे लिहून घ्यायचे. माझं काम करारांच्या वादांचं आणि लवादाचं. फौजदारीवाल्यांना वेगळा अनुभव येऊ शकतो. मत आधीच सांगून टाकते: पहिल्या कप्प्यासाठी जरूर घ्या, तिसरा सांभाळून वापरा, आणि दुसऱ्यावर विसंबून एकही ओळ कोर्टात नेऊ नका.

लवादाचं प्रकरण येतं तेव्हा सोबत ईमेलचा ढिगारा येतो. एकच मेल दहा जणांना गेलेला, प्रत्येक उत्तराखाली जुनी साखळी पुन्हा डकवलेली, मध्येच कुणीतरी विषयाची ओळ बदललेली. यातून तारीखवार घटनाक्रम काढणं हे वर्षानुवर्षं ज्युनिअरच्या माथी मारलेलं काम, आणि त्यात आठवडेच्या आठवडे जात. हा सहायक ते तासाभरात उरकतो. प्रत्येक नोंदीसमोर मूळ मेलचा दुवा असतो. त्यावर टिचकी मारली की नेमकी ती ओळ पिवळी होऊन समोर येते. नुसता सारांश देत असता तर मी त्याला दारातही उभं केलं नसतं. त्या पिवळ्या ओळीमुळे तो कामाचा.

तरी डोळे मिटून घ्यायचा नाही. एका प्रकरणात दोन कंपन्या दोन देशांतल्या होत्या. एक तारखेत दिवस आधी लिहायची, दुसरी महिना. म्हणजे ०३/०४ हे एकीच्या लेखी तीन एप्रिल, दुसरीच्या लेखी चार मार्च. सहायकाने सगळ्या तारखा एकाच पद्धतीने वाचल्या आणि घटनाक्रमात नोटिशीचं उत्तर नोटिशीच्याही आधी जाऊन बसलं. ते इतकं विनोदी दिसत होतं म्हणून पकडलं गेलं. ज्या चुकीच्या तारखा योगायोगाने क्रमात बसल्या होत्या, त्या मूळ मेल उघडून बघितल्याशिवाय सापडल्याच नसत्या. आता कागद चढवतानाच पहिल्या ओळीत सांगते की अमुक पक्षाच्या मेलमध्ये महिना आधी आहे. सांगितलं की ऐकतो. आपणहून मात्र विचारत नाही, आणि ज्युनिअरमध्ये व यंत्रात मला जाणवलेला हा सर्वांत मोठा फरक आहे: ज्युनिअर अडला की येऊन उभा राहतो, हा अडतच नाही.

करार वाचण्यात त्याने मला खरंच चकित केलं. सेवापुरवठ्याचा एक लांबलचक करार होता. जबाबदारीच्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं की अप्रत्यक्ष नुकसान द्यावं लागणार नाही आणि एकूण देणं अमुक रकमेच्या वर जाणार नाही. अशिलाच्या व्यवस्थापकाने तेवढंच वाचून निर्धास्त व्हायचं ठरवलं होतं. सहायकाने तीन गोष्टी जोडून दाखवल्या. व्याख्यांच्या भागात ‘नुकसान’ या शब्दात बुडालेला नफाही घातलेला होता. भरपाईच्या कलमात, म्हणजे आपण ज्याला इन्डेम्निटी म्हणतो तिथे, हाच व्याख्येतला शब्द वापरला होता. आणि त्या कलमाची सुरुवात ‘या करारात अन्यत्र काहीही म्हटलेलं असलं तरी’ अशी होती. झालं, बुडालेला नफाही द्यावा लागणार आणि कमाल मर्यादा गेली वाऱ्यावर. ही तीन कलमं कराराच्या तीन टोकांना होती. रात्री उशिरा, सही उद्या सकाळी, अशा अवस्थेत वाचताना नेमकं हेच निसटतं.

आणि त्याच करारात तो ‘सेवेचा दर्जा परिशिष्ट ४ प्रमाणे’ असं सारांशात लिहून मोकळा झाला. परिशिष्ट ४ त्या संचात नव्हतंच. सहीच्या वेळी जोडायचं राहून गेलं होतं आणि पुढेही कुणी जोडलं नव्हतं. आमच्या ज्युनिअरने पानं उलटली आणि तिचं पहिलं वाक्य: ‘मॅडम, परिशिष्ट चार कुठंय?’ पुढे अर्धा वाद त्याच प्रश्नावर लढला गेला. दर्जाचं कोष्टकच नाही, तर सेवा कमी पडली हे ठरवायचं कशावरून? यंत्र समोर आहे ते वाचतं. असायला हवं होतं पण नाही, ते त्याच्या नजरेत येत नाही. मुद्दाम विचारलं तर येतं, अगदी यादीसकट येतं. म्हणून माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: ज्यांचा उल्लेख आहे पण जे या संचात नाहीत, असे सगळे कागद सांग.

कागद चाळायला यंत्र लावणं ही तशी नवी गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी २०१२ सालीच ‘दा सिल्वा मूर’ या खटल्यात संगणकाच्या मदतीने दस्तऐवज निवडायला मान्यता दिली होती. तेव्हाची पद्धत अशी की जाणत्या वकिलाने नमुन्याचे कागद ‘कामाचा’, ‘बिनकामाचा’ असे वेगळे करायचे आणि यंत्राने त्यावरून बाकीच्या लाखो कागदांची वर्गवारी करायची. ते यंत्र बोलत नव्हतं, म्हणून त्याच्या बातम्या झाल्या नाहीत. आताचं बोलतं, तेही सफाईदार, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आता दुसरा कप्पा. न्यूयॉर्कमधला ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ हा खटला आता वकिलांत इतका प्रसिद्ध आहे की नुसतं नाव घेतलं तरी पुरतं. विमानात ट्रॉली गुडघ्याला लागल्याचा साधा नुकसानभरपाईचा दावा. वादीच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निर्णय कोर्टात दिले, प्रतिपक्षाला ते कुठेच सापडेनात. वकिलाने तेव्हा काय केलं असेल? हे निर्णय खरे आहेत ना, असं त्याच चॅटजीपीटीला विचारलं. त्याने अर्थातच हो म्हटलं. न्यायाधीश कॅस्टेल यांनी जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड केला, आणि ज्या न्यायाधीशांच्या नावावर हे बनावट निर्णय खपवले होते त्यांना पत्रं पाठवायला लावली. ती शिक्षा दंडापेक्षा जास्त झोंबली असणार. याच आदेशात त्यांनी हेही म्हटलंय की भरवशाचं एआय साधन मदतीला घेण्यात मुळात गैर काही नाही. कोर्टात जाईल ते तपासायची जबाबदारी वकिलाची.

त्यानंतरही कुणी शहाणं झालं असं दिसत नाही. जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टात अशी दोन प्रकरणं एकत्र ऐकली गेली. त्यातल्या एकात ४५ दाखल्यांपैकी १८ निर्णय अस्तित्वातच नव्हते. तो शोध अशिलाने स्वतः घेतला होता आणि वकील त्यावर विसंबला होता. इथे माझं डोकं फिरतं. अशिलाचं शोधकाम वकिलाने तपासायचं की उलट? न्यायमूर्ती व्हिक्टोरिया शार्प यांनी बजावलं की असल्या प्रकारात अवमानाची कारवाई होऊ शकते, आणि फारच गंभीर असेल तर फौजदारीही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याने काढलेला आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निर्णय मुळात नव्हतेच. म्हणजे हा रोग फक्त काळ्या कोटाचा नाही.

आमच्या सहायकाच्या विक्रेत्याचा दावा असा की हे चॅटजीपीटीचं झालं, आमचं साधन खऱ्या निर्णयांच्या संग्रहाला जोडलेलं आहे, त्यामुळे ते खोटे निर्णय रचत नाही. बऱ्याच अंशी खरं आहे. मला त्याने ठार काल्पनिक निर्णय दिल्याचं आठवत नाही. पण माझी तक्रार दुसरीच आहे आणि ती जास्त गंभीर आहे.

करारात आधीच ठरवून ठेवलेली भरपाई प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करता मिळते का, असा प्रश्न मी टाकला. उत्तर आलं ठणठणीत, सोबत निर्णय, परिच्छेद क्रमांक, अवतरण. निर्णय खरा. परिच्छेद खरा. अवतरण अक्षरशः खरं. मी निर्णय उघडला आणि दोन पानं मागे गेले. तिथे वाक्य होतं: वादीच्या विद्वान वकिलांचं म्हणणं असं आहे की. पुढचे सगळे परिच्छेद त्यांच्या युक्तिवादाचे होते, आणि सहायकाने उचललेला त्यातलाच एक. त्यानंतर कोर्टाने तो युक्तिवाद सविस्तर फेटाळला होता. म्हणजे हरलेल्या वकिलाचं वाक्य माझ्यासमोर कोर्टाचं मत म्हणून आलं होतं. ते मी पुढे रेटलं असतं तर समोरच्याला फक्त पान उलटायचं होतं.

हे का होतं तेही समजून घेतलं. ही साधनं निर्णयाचे तुकडे करून ठेवतात. आपल्या प्रश्नाशी अर्थाने जवळचे तुकडे आधी उचलायचे आणि मग त्यावरून उत्तर लिहायचं, अशी रचना. तुकडा पडताना वरचं ‘वकिलांचं म्हणणं असं’ हे वाक्य मागे राहतं आणि खाली उरतो तो आत्मविश्वासाने मांडलेला कायद्याचा मुद्दा. वकील हरला तरी मुद्दा ठासूनच मांडतो, त्याला पैसे त्याचेच मिळतात. यंत्राला ते वाक्य न्यायाधीशाच्या वाक्याइतकंच वजनदार वाटतं. हाच प्रकार अल्पमताच्या निकालपत्राबाबत होतो, आणि खालच्या कोर्टाच्या मताचा गोषवारा वरच्या कोर्टाने दिलेला असतो तिथेही. वरच्या कोर्टाने नंतर फिरवलेला निर्णय ताजा म्हणून समोर येतो, ते वेगळंच.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मोठ्या कायदा-प्रकाशकांची अशीच साधनं तपासली. संग्रहाला जोडलेली असूनही त्यांनी १७ ते ३३ टक्के प्रश्नांत चुकीची किंवा चुकीच्या आधारावरची उत्तरं दिली. साध्या चॅटबॉटपेक्षा ती बरी ठरली, एवढंच. खोटा निर्णय एका शोधात पकडला जातो. तो सापडतच नाही. खऱ्या निर्णयाच्या माथी मारलेलं खोटं मत पकडायला अख्खा निर्णय वाचावा लागतो. आणि अख्खा निर्णय वाचायचाच असेल तर वाचलेला वेळ कुठला? माझा हिशेब असा: या कप्प्यात विषयाच्या आसपासचे निर्णय चटकन हाती लागतात, इतपत उपयोग. अनोळखी विषयात शिरताना तो मोठा आहे. उत्तर म्हणून जे लिहून येतं ते मी वाचतसुद्धा नाही, थेट खालच्या यादीवर जाते.

मसुद्यांबद्दल थोडक्यात. साधी नोटीस, मुदतवाढीचा अर्ज, गुप्ततेचा करार, बैठकीनंतरचं अशिलाला पत्र, हे तो चांगलं लिहितो. दाव्याचा मजकूर लिहायला दिला की विशेषणं घुसडतो. ‘निर्लज्जपणे’, ‘घोर उल्लंघन’, ‘अपरिमित हानी’. नव्या वकिलाला असलं लिहून हात मोकळा झाल्यासारखं वाटतं. लवादापुढे ते वाचून दाखवताना जीभ अडखळते. शिवाय न विचारता कलमं वाढवतो. दोन पानांचं पत्र मागितलं तर त्यात वाद कुठल्या शहरातल्या कोर्टात चालायचा याचंही कलम येतं.

एक उपयोग मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नव्हता आणि मला तोच सर्वांत आवडला. उलटतपासणीची तालीम. साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आणि मेल चढवायचे आणि सांगायचं की तू आता हा साक्षीदार, मला अडकवता येईल तितकं अडकव. तो टाळाटाळ करतो, ‘मला आठवत नाही’ म्हणतो, अर्धं कबूल करून बाकीचं झाकतो. प्रश्न सैल असेल तर लांबलचक स्पष्टीकरण देऊन निसटतो, अगदी खऱ्या साक्षीदारासारखा. आमच्या ज्युनिअरना तिसऱ्या-चौथ्या फेरीत कळतं की एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची. हे मी तोंडाने कितीदा सांगितलं होतं.

पण त्याला कधी विचारू नका की प्रकरण कुणाच्या बाजूने आहे. मी एकदा तेच कागद, तेच प्रश्न ठेवून फक्त एवढं बदललं की आपण वादीचे वकील आहोत ऐवजी प्रतिवादीचे. वादीला त्याने भक्कम बाजू आहे म्हणून सांगितलं होतं. प्रतिवादीलाही तेच सांगितलं. नंदीबैलासारखी मान डोलावतो. आता ज्याचं वकीलपत्र आहे तो पक्ष मी त्याला कळूच देत नाही, आणि विचारायचं झालंच तर समोरच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा विचारते. सल्ला द्यायचा तर अशिलाला न रुचणारं सांगावं लागतं. ज्याला आपल्याला खूश ठेवायचं आहे त्याच्याकडून ते काम होणार नाही.

गुप्ततेबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. फुकटच्या चॅटबॉटमध्ये अशिलाचे कागद टाकू नका. चढवलेला मजकूर कुठे साठतो, किती काळ राहतो, मॉडेल शिकवायला वापरला जातो का, हे करारात लेखी हवं. आमच्या विक्रेत्याने ते तोंडी छान सांगितलं आणि लेखी द्यायला बरेच आढेवेढे घेतले. शेवटी दिलं. वकिलांनाच मोघम कलम विकायला निघाले होते, हेही धाडसच म्हणायचं.

फीचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेने जुलै २०२४ च्या ५१२ क्रमांकाच्या अभिप्रायात म्हटलंय की तासावर फी घेणाऱ्या वकिलाने प्रत्यक्ष लागलेल्या वेळाचीच घ्यावी, आणि असं साधन वापरायला शिकण्यात गेलेला वेळ साधारणपणे अशिलाच्या माथी मारू नये. बरोबरच आहे. पण आठवड्यांचा घटनाक्रम तासात झाला की तासांवर उभ्या असलेल्या फर्मचं गणित कोलमडतं. मोठ्या अशिलांनी ते आमच्या आधी ओळखलं. आता ते पहिल्या बैठकीतच विचारतात की हे काम यंत्राने होणार की माणसाने, आणि त्याप्रमाणे दर सांगा. मी घटनाक्रमाला आणि करार तपासणीला ठोक रक्कम सांगायला लागले आहे, तपासण्याचा वेळ धरून. तो वेळ धरायचा विसरू नका, कारण तो विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात कधीच दिसत नाही.

आणखी एक बदल विकत न घेताही दारात आला आहे: अशीलच एआयला विचारून येतात. पूर्वी चार ओळींत कैफियत सांगणारा माणूस आता मथळ्यांसकट सहा पानी मेल पाठवतो, त्यात त्याची बाजू शंभर टक्के जिंकणारी असते. अशा मेलवर मी एकच करते. त्याला म्हणते, तुमच्या शब्दांत, काय झालं ते बोला. त्या सहा पानांत नसलेली गोष्ट हमखास पहिल्या पाच मिनिटांत बाहेर येते, कारण ती त्याने यंत्राला सांगितलेलीच नसते. बहुधा ती त्याच्या विरुद्ध जाणारी असते.

ज्युनिअरचं काय, हा प्रश्न सगळे सीनिअर एकमेकांना विचारतात आणि उत्तर न देता उठतात. परिशिष्ट चार नाही हे जिला दिसलं, तिने त्याआधी शेकडो करार हाताने चाळले होते. पुढच्या तुकडीने पहिल्या दिवसापासून सारांशच वाचला तर ती नजर येणार कुठून? आमच्याकडे सध्या एवढंच ठरवलंय की नव्या माणसाने पहिल्या काही प्रकरणांचा घटनाक्रम स्वतः काढायचा, मग यंत्राचा उघडायचा आणि दोन्हींतला प्रत्येक फरक लिहून आणायचा. यात वेळ वाचत नाही आणि त्याचे पैसे कुणाकडून मागताही येत नाहीत. भागीदारांपैकी काहींना ही चैन वाटते.

नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने तिन्ही कप्पे एकत्र घेतले तर सवलत देऊ केली. आम्ही कागद वाचण्याचा आणि मसुद्यांचा भाग घेतला, शोधाचा सोडला, आणि त्याऐवजी निर्णयांच्या संग्रहाची जुनी साधी वर्गणी चालू ठेवली. तो म्हणाला, ‘मॅम, पुढच्या आवृत्तीत युक्तिवाद आणि निर्णय वेगळे ओळखता येतील.’ आल्यावर तोच भरपाईचा प्रश्न पुन्हा टाकून बघणार आहे.